मेलमधली संशयास्पद अटॅचमेंट: उघडल्यावर ती काय मागते, तिकडे लक्ष द्या

इनबॉक्समध्ये नुसती पडलेली अटॅचमेंट सहसा काहीच करू शकत नाही. मेल उघडला, मजकूर वाचला आणि तेवढ्यानेच कॉम्प्युटर हातचा गेला, असं क्वचितच घडतं. नुकसान होतं ते पुढच्या पायरीवर. फाइल उघडली जाते, ती आणखी काहीतरी करायला सांगते आणि समोरचा माणूस ते करतो. 'एनेबल कंटेंट' दाबा. हा पासवर्ड टाकून झिप (अनेक फाइल दाबून एकत्र बांधलेलं गाठोडं) उघडा. कागदपत्र पाहण्यासाठी लॉगिन करा. हा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन करा. पैसे परत हवे असतील तर या नंबरवर फोन करा. फसव्या मेलचे कितीही नमुने पाहिले तरी ही दुसरी मागणी जवळपास प्रत्येकात सापडते.

याचं कारण असं की मेल सेवा, ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांनी गेल्या पंचवीस वर्षांत वाटेत बरीच कुंपणं घातली आहेत. भामट्याला ती स्वतःहून ओलांडणं अवघड जातं. म्हणून तो फाटक तुमच्याच हातून उघडून घेतो. मेलमध्ये शुद्धलेखनाच्या चुका शोधा, हा सल्ला आता फारसा उपयोगाचा नाही, कारण कुठल्याही भाषेत निर्दोष मजकूर लिहून देणारी साधनं सगळ्यांच्याच हाती आली आहेत. दुसरी मागणी मात्र भामट्याला सहसा टाळता येत नाही. ती ओळखायला शिकलं की अर्धं काम झालं.

पाठवणारा खरंच तोच आहे का?

मेलमध्ये दिसणारं नाव म्हणजे पाठवणाऱ्याने स्वतः टाइप केलेला मजकूर. तिथे तो बँकेचं नाव लिहू शकतो, तुमच्या साहेबांचं लिहू शकतो, कुणाचंही लिहू शकतो. मोबाइलवर बरीच मेल ॲप्स फक्त हे नावच दाखवतात आणि पत्ता लपवतात. नावावर बोट टेकवलं की खरा पत्ता उघडतो. तो पाहिल्याशिवाय अटॅचमेंटला हात लावू नये.

पत्त्यात महत्त्वाचं असतं ते 'ॲट'च्या चिन्हानंतरचं डोमेन, आणि डोमेन उजवीकडून डावीकडे वाचायचं. समजा बँकेचं खरं डोमेन 'अमुकबँक डॉट कॉम' आहे. मेल आला 'अमुकबँक डॉट कॉम डॉट सेवा-पडताळणी डॉट नेट'वरून. सुरुवातीला ओळखीचं नाव दिसल्यामुळे डोळा तिथेच थांबतो, पण मालकी ठरते ती शेवटच्या दोन तुकड्यांवरून. इथे मालक आहे 'सेवा-पडताळणी डॉट नेट'. त्याच्या डावीकडचं सगळं त्या मालकाने आपल्या मर्जीने लावलेलं आहे. (काही देशांत शेवटचा तुकडा दोन भागांचा असतो, तिथे एक तुकडा जास्त मोजायचा.) अक्षरांची अदलाबदलही जुनीच युक्ती आहे. इंग्रजी 'आर' आणि 'एन' ही छोटी अक्षरं शेजारी ठेवली की लहान पडद्यावर ती 'एम'सारखी दिसतात. मोठं 'आय' आणि छोटं 'एल' तर कित्येक फॉन्टमध्ये वेगळे ओळखूच येत नाहीत.

पूर्ण पत्ता बरोबर दिसला तरी तोही खोटा असू शकतो. ईमेलची मूळ रचना ज्या काळात झाली तेव्हा पाठवणाऱ्याची खातरजमा करायची सोयच तिच्यात नव्हती. ती नंतर तीन थरांत जोडली गेली: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये मेल उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांमध्ये 'शो ओरिजिनल' निवडलं की वरच्या तक्त्यात या तिन्हींसमोर 'पास' किंवा 'फेल' लिहिलेलं दिसतं. मोठ्या संस्थेच्या नावाने आलेल्या मेलवर डीमार्क 'फेल' असेल तर तो मेल संशयितच धरायचा.

'पास'चा अर्थ मात्र मर्यादित आहे. मेल त्या डोमेनवरूनच आला आहे, एवढंच त्यातून कळतं. ते डोमेन भल्या माणसाचं आहे की भामट्याने काल संध्याकाळी विकत घेतलं आहे, हे त्यातून कळत नाही. आणि एखाद्या ओळखीच्या माणसाचं खातंच चोरलं गेलं असेल तर त्याच्याकडून आलेला मेल तिन्ही चाचण्या दिमाखात पास होतो.

याच गोष्टीचा फायदा इमोटेट नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक प्रोग्रामने, घेतला. २०१४ मध्ये बँकेचे तपशील चोरणारा प्रोग्राम म्हणून तो पहिल्यांदा दिसला. पुढे त्याने एक भयंकर परिणामकारक पद्धत वापरली: लागण झालेल्या कॉम्प्युटरमधले जुने मेल चोरायचे आणि त्याच संभाषणाला उत्तर म्हणून वर्डची फाइल पाठवायची. विषय तोच, खाली तुम्हीच महिन्यापूर्वी लिहिलेला मजकूर, वर एक ओळ, 'सोबतची फाइल पाहा'. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचं जाळं मोडलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा उभं राहिलं. म्हणून जुन्या, खऱ्या संभाषणात अचानक आलेली फाइल पाहिली की दोन गोष्टी तपासाव्यात. ज्या पत्त्यावरून उत्तर आलं तो पहिल्या मेलमधलाच आहे का? आणि चालू विषयाशी त्या फाइलचा काही संबंध लागतो का? पत्ता जुळला, पण संबंध लागला नाही, तर ती फाइल तशीच ठेवून फोन करावा.

फाइलच्या नावाचा शेवट

४ मे २००० रोजी 'आय लव्ह यू' हा विषय असलेले मेल जगभर पसरले. सोबतच्या फाइलचं नाव 'लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस' असं होतं. टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर, निरुपद्रवी. व्हीबीएस म्हणजे विंडोजवर थेट चालणारी स्क्रिप्ट, कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञांची यादी. विंडोज ओळखीच्या फाइलचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं, लपवत असल्यामुळे लोकांना शेवटचं व्हीबीएस दिसलंच नाही. त्यांनी साधं पत्र समजून डबलक्लिक केलं, आणि स्क्रिप्टने त्यांच्या ॲड्रेस बुकमधल्या सगळ्यांना तोच मेल पाठवला.

तेव्हापासून आजपर्यंत विंडोजची ती सवय कायम आहे. एक्स्टेन्शन लपवणं हेच तिथे मुळात ठरलेलं असतं. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडा, वरच्या 'व्ह्यू'मध्ये 'शो' आणि त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा. विंडोज १० मध्ये 'व्ह्यू' टॅबवरच हा चौकोन असतो. मॅकवर फाइंडरच्या सेटिंग्जमध्ये 'ॲडव्हान्स्ड'खाली 'शो ऑल फाइलनेम एक्स्टेन्शन्स' आहे. हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे आणि आयुष्यात एकदाच करायचं आहे. हा लेख इथेच सोडून ते आत्ता केलंत तरी चालेल.

त्यानंतरही एक पळवाट उरते. विंडोजमधली शॉर्टकटची फाइल, म्हणजे एलएनके, हे सेटिंग चालू केल्यावरही आपलं एक्स्टेन्शन दाखवत नाही. त्यामुळे 'बिल डॉट पीडीएफ डॉट एलएनके' ही फाइल तुम्हाला 'बिल डॉट पीडीएफ' अशीच दिसते आणि तिचं चित्रही पीडीएफचंच ठेवता येतं. ओळखायचं कसं? फाइल एक्सप्लोररच्या 'डिटेल्स' मांडणीत 'टाइप' नावाचा रकाना असतो. तिथे 'शॉर्टकट' लिहिलं असेल तर ती पीडीएफ नाही. शॉर्टकट मेलने पाठवायचं प्रामाणिक कारण आम्हाला तरी माहीत नाही.

आणखी दोन युक्त्या. नावात 'डॉट पीडीएफ' लिहून पुढे पन्नास-साठ मोकळ्या जागा सोडायच्या आणि मग 'डॉट ईएक्सई' लिहायचं, म्हणजे खरा शेवट पडद्याबाहेर जातो. दुसरी अधिक बेरकी: युनिकोडमध्ये उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठी एक अदृश्य चिन्ह आहे. ते नावाच्या मध्ये घुसवलं की त्यापुढची अक्षरं पडद्यावर उलट्या क्रमाने दिसतात. मग ईएक्सईवर संपणारी फाइल डीओसीवर संपल्यासारखी दिसू लागते. इथेही 'टाइप'चा रकाना खरं सांगतो. फाइलच्या चित्रावर विश्वास ठेवू नका. ईएक्सई फाइलला वर्डचं, पीडीएफचं, फोल्डरचं, कुठलंही चित्र लावता येतं.

मेलने आलेली ईएक्सई, एससीआर, बीएटी, सीएमडी, जेएस, व्हीबीएस, एचटीए, एमएसआय, जेएआर किंवा एलएनके फाइल उघडायची गरज सामान्य माणसाला पडतच नाही. जीमेलसारख्या सेवा यातल्या बहुतेक प्रकारांना दारातच अडवतात. मोबाइलवर हीच गोष्ट एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवणाऱ्या फाइलला लागू आहे. आयफोनवर 'प्रोफाइल' (फोनची सेटिंग्ज बदलणारी फाइल) बसवायला सांगणारी फाइल आली तर ऑफिसच्या आयटी विभागाने आधी कळवलेलं नसताना ती बसवू नये.

पिवळी पट्टी आणि लाल पट्टी

वर्ड आणि एक्सेलच्या फाइलमध्ये मॅक्रो नावाचे छोटे प्रोग्राम लपवता येतात. मार्च १९९९ मधल्या मेलिसा व्हायरसने हेच केलं: वर्डची फाइल उघडली की तो आउटलुकच्या ॲड्रेस बुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवून द्यायचा. पुढची वीस-बावीस वर्षं मॅक्रो हे भामट्यांचं आवडतं हत्यार राहिलं.

इंटरनेटवरून आलेली वर्डची फाइल उघडली की वर पिवळी पट्टी येते, 'प्रोटेक्टेड व्ह्यू', आणि शेजारी 'एनेबल एडिटिंग' हे बटण. या अवस्थेत फाइल वाचता येते, पण तिला फारसं काही करता येत नाही. नुसतं वाचायचं असेल तर ते बटण दाबायची गरजच नाही. भामट्याला हे माहीत असतं. म्हणून फाइल उघडल्यावर आत मजकूर नसतोच. असतं एक चित्र: धूसर केलेलं बिल, त्यावर वर्डची खूण आणि 'हे कागदपत्र जुन्या आवृत्तीत तयार झालं आहे, पाहण्यासाठी वरचं एनेबल एडिटिंग आणि मग एनेबल कंटेंट दाबा' अशी सूचना. वर्डला काही सांगायचं असेल तर ते वरच्या पट्टीत सांगतं. पानाच्या आत, मजकुराच्या जागी लिहिलेली सूचना वर्डची नसते; ज्याने फाइल बनवली त्याची असते. एवढा एक फरक लक्षात ठेवला तर अशा फाइल पटकन ओळखू येतात.

२०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणखी एक पाऊल उचललं. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो आता सरळ अडवले जातात आणि पिवळ्याऐवजी लाल पट्टी दिसते. तिच्यावर परवानगी देणारं बटणच नाही. हे शक्य होतं एका छोट्या शिक्क्यामुळे. ब्राउझरने किंवा मेल प्रोग्रामने फाइल उतरवली की विंडोज तिच्याबरोबर 'ही बाहेरून आली आहे' अशी नोंद ठेवतं. फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडलं की 'जनरल' टॅबच्या तळाशी 'सिक्युरिटी' अशी ओळ आणि 'अनब्लॉक' असा चौकोन दिसतो. तोच हा शिक्का. मेलमध्ये किंवा फाइलमध्ये कुणी 'प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करा' असं सांगत असेल, तर तो तुमच्या हाताने हा शिक्का पुसून घेतो आहे.

शिक्का आडवा येऊ लागल्यावर भामट्यांनी लगेच वाट बदलली. आयएसओ नावाच्या डिस्कच्या प्रतिमेत फाइल ठेवली तर आतल्या फाइलवर शिक्का उमटत नसे. ती फट नोव्हेंबर २०२२ मध्ये बुजवली गेली. मग २०२३ च्या सुरुवातीला वननोट या मायक्रोसॉफ्टच्या टिपणवहीच्या फाइल आल्या, त्यांत 'दस्तऐवज पाहण्यासाठी डबलक्लिक करा' असं मोठं बटण आणि त्या चित्राखाली दडवलेली स्क्रिप्ट. तीही वाट काही महिन्यांत बंद झाली. फाइलचे प्रकार असे बदलत राहतात, त्यामुळे धोकादायक एक्स्टेन्शनची यादी पाठ करून भागत नाही. मागणीचा सूर मात्र वर्षानुवर्षं तोच राहिला आहे.

झिपला पासवर्ड लावला की अँटिव्हायरसला आतलं काही दिसत नाही. म्हणून फाइल कुलूपबंद असते आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये दिलेला असतो. आता विचार करा: गोपनीयतेसाठी पासवर्ड लावणारा माणूस किल्ली त्याच पाकिटात कशाला घालेल? (काही संस्था खरी बिलं आणि स्टेटमेंट पासवर्ड लावून पाठवतात, पण तो पासवर्ड तुम्हालाच ठाऊक असलेल्या माहितीवरून बनतो, आणि ती फाइल झिप नसून बहुधा पीडीएफ असते.) दुसरी शंकास्पद खूण म्हणजे फुगलेला आकार. झिप जेमतेम काही एमबीची, पण उघडल्यावर आतली 'पीडीएफ' कित्येकशे एमबीची निघते. खूप मोठ्या फाइल तपासायचं अँटिव्हायरस बऱ्याचदा टाळतात, म्हणून तिच्यात नुसती शून्यं भरलेली असतात. शून्यं दाबून बसवायला जागा लागत नाही, म्हणून झिप लहान राहते.

अशाच सापळ्यात मार्च २०२३ मध्ये लायनस टेक टिप्स हे प्रचंड मोठं यूट्यूब चॅनेल सापडलं. प्रायोजकत्वाचा प्रस्ताव वाटणारी फाइल एका कर्मचाऱ्याने उतरवून उघडली. तिने ब्राउझरमधली 'लॉगिन झालेलं आहे' ही नोंद, म्हणजे सेशन टोकन, उचलून नेलं. पासवर्ड किंवा ओटीपी काहीच लागलं नाही. चॅनेलचं नाव बदलून तिथे क्रिप्टोच्या फसवणुकीचं थेट प्रक्षेपण सुरू झालं. तंत्रज्ञानावरच बोलणारे लोक जिथे फसतात, तिथे फसलेल्याला मूर्ख म्हणणं अन्यायाचं आहे. शरमेने गप्प बसलेला माणूस उशिरा सांगतो, आणि उशीर झाला की नुकसान वाढतं.

पीडीएफ, एचटीएमएल आणि क्यूआर कोड

अटॅचमेंट एचटीएमएल किंवा एचटीएम असेल तर ती ब्राउझरमध्ये उघडते आणि हुबेहूब लॉगिनचं पान दिसतं. कंपनीची खूण आहे, तुमचा ईमेल पत्ता आधीच भरलेला आहे, फक्त पासवर्ड टाकायचा बाकी. ॲड्रेस बारकडे बघा. तिथे एखाद्या वेबसाइटचा पत्ता नसून 'फाइल' या शब्दाने सुरू होणारा, तुमच्याच ड्राइव्हचा आणि डाउनलोड फोल्डरचा मार्ग दिसतो. म्हणजे हे लॉगिनचं पान तुमच्याच कॉम्प्युटरवर आहे आणि टाकलेला पासवर्ड तिथून भामट्याच्या सर्व्हरकडे जातो. पहिल्यांदा 'पासवर्ड चुकला' असं दाखवून तो दुसऱ्यांदा टाकायला लावतात, म्हणजे टायपिंगची चूक राहत नाही. अलीकडे हेच काम एसव्हीजी फाइलकडून करून घेतलं जातं. नावाला ती चित्राची फाइल, पण तिच्यातही स्क्रिप्ट घालता येते आणि तीही ब्राउझरमध्येच उघडते.

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून आपोआप भरणारा प्रोग्राम, वापरत असाल तर इथे तो मोठी मदत करतो. तो पानाचं रूप बघत नाही, पत्ता बघतो. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, तर हाताने टाइप करायच्या आधी थांबावं.

पीडीएफ बहुतेक वेळा स्वतः काही बिघडवत नाही; ती दुसरीकडे नेते. 'सुरक्षित दस्तऐवज उघडा' या बटणामागे लिंक असते. लिंक पकडली जाऊ नये म्हणून तिच्या जागी क्यूआर कोड येतो. त्यातून आणखी एक डाव साधतो: ऑफिसच्या कॉम्प्युटरवरची सगळी सुरक्षा बाजूला राहते आणि पुढचा सगळा खेळ तुमच्या खासगी मोबाइलवर होतो. कॉम्प्युटरवर आलेलं कागदपत्र वाचायला मोबाइलने कोड स्कॅन करायला सांगणं हेच मुळात विचित्र आहे.

काही पीडीएफमध्ये लिंकही नसते. असतं फक्त न घेतलेल्या वस्तूचं बिल: अँटिव्हायरसचं वार्षिक नूतनीकरण झालं, मोठी रक्कम आज खात्यातून वजा होणार, रद्द करायचं असल्यास या नंबरवर फोन करा. फोनवरचा गोडबोल्या माणूस 'रिफंड' देण्यासाठी एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर (दूर बसून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवू देणारी सॉफ्टवेअर) बसवायला सांगतो आणि तुमचा पडदा ताब्यात घेतो. ही दोन्ही सॉफ्टवेअर स्वतः प्रामाणिक आहेत, म्हणून अँटिव्हायरस ओरडत नाही. असं बिल आलं तर खात्यातून खरंच पैसे गेलेत का हे बँकेच्या ॲपमध्ये पाहावं. गेले नसतील तर तो मेल कचऱ्यात.

ज्या फाइलमध्ये काहीच वाईट नसतं

सगळ्यात महागात पडणारी अटॅचमेंट तांत्रिकदृष्ट्या अगदी स्वच्छ असू शकते. नेहमीच्या पुरवठादाराचं बिल, रक्कम अपेक्षित, फक्त बँक खात्याचा नंबर बदललेला. २०१३ ते २०१५ या काळात लिथुआनियातल्या एका माणसाने गूगल आणि फेसबुक यांना त्यांच्या खऱ्या तैवानी पुरवठादाराच्या नावाने खोटी बिलं पाठवली आणि १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम आपल्या खात्यांवर वळवून घेतली. २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत पाच वर्षांची शिक्षा झाली. अशा फसवणुकीवर अँटिव्हायरस, शिक्के, पट्ट्या यांतलं काहीच चालत नाही. खात्याचा तपशील बदलल्याची सूचना आली की जुन्या नोंदीतल्या नंबरवर फोन करून पुरवठादाराच्या तोंडूनच खात्री करून घ्यायची. त्या मेलमध्ये किंवा त्या बिलावर छापलेला नंबर वापरायचा नाही.

काही फाइल मात्र दुसरी मागणी करतच नाहीत, हेही सांगायला हवं. त्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीचा फायदा घेतात. मे २०२२ मध्ये उघडकीला आलेल्या 'फोलिना' या त्रुटीत मॅक्रोशिवाय, नुसत्या वर्डच्या फाइलमधून आज्ञा चालवता येत होती. काही प्रकारांत तर फाइल न उघडता प्रिव्ह्यू पाहिला तरी पुरे. विनरार या झिपसारख्या फाइल उघडणाऱ्या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्त्यांत, म्हणजे ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ६.२३ च्या आधीच्या, संग्रहातल्या साध्या चित्रावर डबलक्लिक केलं तर शेजारी दडवलेली स्क्रिप्ट चालायची. अशा हल्ल्यांवर उपाय एकच, वेळच्या वेळी अपडेट. विंडोज, ऑफिस आणि ब्राउझर ते स्वतःहून करतात. विनरार करत नाही. नवी आवृत्ती हाताने बसवावी लागते.

शंका आली तर

ज्याच्या नावाने मेल आला त्याला वेगळ्या वाटेने विचारा: फोन, मेसेज, प्रत्यक्ष भेट. त्याच मेलला उत्तर देऊन 'ही फाइल तुम्हीच पाठवली का?' असं विचारू नका. खातं चोरलेलं असेल तर 'हो, निर्धास्त उघडा' असं उत्तर भामटाच देतो. बँक किंवा कुरिअरचा मेल असेल तर फाइल बाजूला ठेवून त्यांच्या वेबसाइटवर स्वतः पत्ता टाइप करून जा. बिल खरं असेल तर तिथेही दिसेलच.

कागदपत्र पाहणं भागच असेल तर ते डाउनलोड न करता जीमेल किंवा आउटलुकच्या वेब आवृत्तीतला प्रिव्ह्यू वापरा. तिथे फाइल त्यांच्या सर्व्हरवर उघडते आणि तुम्हाला फक्त तिचं रूप दिसतं. आतल्या लिंक आणि क्यूआर कोड मात्र तेवढेच धोकादायक राहतात.

व्हायरसटोटल या वेबसाइटवर फाइल टाकली तर ती ७० च्या आसपास अँटिव्हायरसकडून एका वेळी तपासली जाते. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तिथे टाकलेली फाइल सुरक्षा संशोधक आणि पैसे भरणारे ग्राहक पाहू शकतात, म्हणून पगारपत्रक, वैद्यकीय अहवाल, करारनामा असं काही तिथे टाकू नये. आणि सगळ्या रकान्यांत हिरवी खूण आली तरी फाइल सुरक्षित ठरत नाही. आज सकाळी बनवलेला मालवेअर दुपारपर्यंत कुणाच्याच यादीत नसतो. पाच-दहा जणांनी लाल दाखवलं तर मात्र विषय संपला.

मेल स्पॅम फोल्डरमध्ये गेला असेल तर तो उत्सुकतेपोटी बाहेर काढू नका. २०११ मध्ये आरएसए या सुरक्षा क्षेत्रातल्याच कंपनीत नेमकं हेच झालं. नोकरभरतीच्या योजनेची एक्सेल फाइल जंक फोल्डरमध्ये गेली होती, एका कर्मचाऱ्याने ती तिथून काढून उघडली, आणि तिच्यात घातलेल्या फाइलने फ्लॅश या तेव्हाच्या ॲनिमेशन दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीचा फायदा घेतला आणि हल्लेखोर आत शिरले.

उघडली गेलीच तर

पहिलं काम, कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडा. वायफाय बंद करा, केबल लावलेली असेल तर उपटा. ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर तो बंद न करता लगेच आयटी विभागाला कळवा. मेमरीतले पुरावे बंद केल्यावर जातात. मेल डिलीट करू नका, तोही त्यांना लागतो.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून. त्याच कॉम्प्युटरवर बदलले तर नवे पासवर्डही चोराला मिळतील. सुरुवात ईमेल खात्यापासून करा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड त्यातूनच रिसेट होतात. मग बँक, मग ब्राउझरमध्ये साठवलेले उरलेले. नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. खात्याच्या सुरक्षा पानावरून सगळ्या उपकरणांवरचं लॉगिन बंद करा, म्हणजे चोरलेली सेशन टोकनं निकामी होतात. कार्डाचे किंवा खात्याचे तपशील दिले गेले असतील तर हे सगळं नंतर. बँकेला फोन आधी. पैसे गेले असतील तर सायबर पोलिसांकडे तक्रारही त्याच दिवशी, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते.

कॉम्प्युटर तपासायला विंडोज सिक्युरिटीमध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', त्यात 'स्कॅन ऑप्शन्स', आणि तिथे 'ऑफलाइन स्कॅन' निवडा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासणी होते, त्यामुळे चालू असताना लपून बसणारे प्रोग्रामही सापडतात. साधारण पंधरा मिनिटं लागतात. ईएक्सई किंवा स्क्रिप्ट खरोखर चालली असेल तर स्कॅन स्वच्छ आला तरी महत्त्वाच्या फाइलची प्रत घेऊन विंडोज नव्याने बसवणं हाच खात्रीचा मार्ग. त्या प्रतीतून जुन्या ईएक्सई परत आणू नका, फक्त कागदपत्रं आणि फोटो आणा.

आणि एक जागा बहुतेक जण तपासायची विसरतात: ईमेल खात्याची सेटिंग्ज. चोर आत शिरला की तो एखादा गुपचूप नियम लावून जातो. 'बँक' किंवा 'बिल' शब्द असलेला प्रत्येक मेल त्याच्या पत्त्यावर जातो, किंवा वाचलेला दाखवून आर्काइव्हमध्ये टाकला जातो. पासवर्ड बदलला तरी हा नियम तसाच चालू राहतो. जीमेलमध्ये सेटिंग्जच्या 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस' आणि 'फॉरवर्डिंग' या दोन टॅबमध्ये, आउटलुकमध्ये 'रूल्स' आणि 'फॉरवर्डिंग'मध्ये पाहा. त्याच बैठकीत रिकव्हरीचा फोन नंबर आणि पर्यायी ईमेल तुमचाच आहे का, आणि खात्याला जोडलेल्या ॲप्सच्या यादीत अनोळखी नाव नाही ना, तेही बघून घ्या.